‘फाइलींना इंग्रजी नावं द्या’ : सॉफ्टवेअरच्या पोटात इंटरप्रिटर बसवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमची माझी ओळख नाही. तुम्ही सी आणि सी++ मध्ये मोठाली सॉफ्टवेअरं लिहिता, आणि वापरणाऱ्याला आपापल्या सोयीची बारीकसारीक कामं करून घेता यावीत म्हणून त्यांच्या पोटात पायथनचा किंवा लुआचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतल्या स्क्रिप्ट वाचून चालवणारा भाग, बसवता. मी त्या पोटात शिरून स्क्रिप्ट लिहिणारा माणूस. जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करायची, पिवळेपणा काढायचा, तिरकी पानं सरळ करायची आणि नीट नावं देऊन फोल्डरात लावायची, हे आमचं काम. अंक मराठी, मजकूर मराठी, म्हणून फोल्डरांची नावंही मराठी: कथा, कविता, व्यंगचित्रं, जाहिराती. यात कुणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं.

पानं साफ करायला आम्ही एक सॉफ्टवेअर घेतलं, आत पायथन असलेलं. (नाव लिहीत नाही. दोष एकट्या त्यांचा असता तर हे पत्र फक्त त्यांनाच गेलं असतं.) स्क्रिप्ट लिहिली, टर्मिनलमध्ये चालवून पाहिली, फोल्डरं भराभर उघडली. तीच स्क्रिप्ट, तोच लिनक्सचा संगणक, तेच फोल्डर, फक्त आता सॉफ्टवेअरच्या आतून चालवली, तर ‘कविता’ हे नाव घेताच ती कोसळली. तक्रार अशी की ० ते ४ या जागांवरची अक्षरं ‘अॅस्की’ या, फक्त इंग्रजीपुरत्या, कोडेकमध्ये (अक्षरांचे बाइट करणाऱ्या तक्त्यात) बसत नाहीत. क, व, वेलांटी, त, काना: मोजली तर पाचच. म्हणजे अख्खी ‘कविता’च बसत नव्हती.

मदतकक्षाला कळवलं. दोन दिवसांत अगदी सभ्य उत्तर आलं: ‘फाइलींना इंग्रजी नावं द्या, अडचण येणार नाही.’

त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितोय. सल्ला चुकीचा आहे म्हणून नव्हे. तो तंतोतंत बरोबर आहे, आणि आम्ही तो तुमच्या जन्माआधीपासून पाळत आलोय. श्रीलिपी आणि तिच्या भावंडांच्या काळात मजकूर मराठी दिसायचा तो केवळ फॉन्टच्या कृपेने. फाइलीचं नाव मात्र विंडोज आपल्या फॉन्टात दाखवणार, म्हणून ते रोमनमध्येच टाइप करावं लागे. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आलं तेव्हा हे बंधन सुटायला हवं होतं. पण सवय सुटली नाही, कारण दर वेळी कुणी तरी ‘कविता’ लिहून बघतो, कुठलं तरी सॉफ्टवेअर कोसळतं, आणि तो माणूस गुपचूप ‘केए-व्ही-आय’ करत बसतो. आमच्या कार्यालयातल्या टंकलेखिका बाई मराठी फर्डं टाइप करतात, पण फाइलीचं नाव द्यायची वेळ आली की हात आपोआप इंग्रजी कळफलकाकडे वळतो. कारण विचारलं तर म्हणतात, ‘उगीच कशाला विषाची परीक्षा?’

आता घडलं काय ते सांगतो, कारण तुमच्यातल्या पुष्कळांना ते अर्धंच माहीत असतं.

सी भाषेतला कुठलाही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याचा लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंच यांची निवड, ‘सी’ असतो. माझ्या संगणकावर मराठी यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं बाइटांत लिहायची रीत) लोकेल निवडलेला असला तरी प्रोग्रॅम स्वतःहून ‘सेटलोकेल’ म्हणत नाही तोवर त्याला त्याचा पत्ता नसतो. टर्मिनलमधला पायथन उठल्या उठल्या हे काम स्वतः करतो, म्हणून तिथे सगळं गोड चालतं. तुमच्या पोटातला पायथन ते करेल की नाही, हे तुम्ही त्याला कुठल्या रीतीने उठवलंत त्यावर ठरतं. पायथन ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ साली, पेप ५८७ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा क्रमांकित प्रस्ताव) मुळे दोन पायऱ्यांची रीत आली: आधी ‘पाय-प्रीकॉन्फिग’, मग ‘पाय-कॉन्फिग’. पहिल्या पायरीवर दोन साचे मिळतात. ‘पायथन’ नावाचा साचा टर्मिनलमधल्या पायथनसारखा वागतो: लोकेल वाचतो, वातावरणातले चल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सूचना) वाचतो, आणि लोकेल ‘सी’ निघाला तर यूटीएफ-८ मोड (लोकेल काहीही असो, यूटीएफ-८च धरायचं) आपणहून लावतो. दुसरा ‘आयसोलेटेड’, एकांतातला. यात ‘कॉन्फिगर-लोकेल’ शून्य, ‘यूटीएफ८-मोड’ही शून्य, आणि बाहेरचे पायथनचे चल वाचायचे नाहीत.

हा दुसरा साचा तुमच्यासाठीच काढलाय आणि त्यामागचा हेतू चांगला आहे. वापरणाऱ्याच्या संगणकावर पायथनचा काय पसारा आहे याचा तुमच्या सॉफ्टवेअरला त्रास होऊ नये, एवढाच. पण त्यात एक फट आहे. तुमच्या मूळ प्रोग्रॅमनेही ‘सेटलोकेल’ म्हटलं नसेल, तर आतल्या पायथनला दिसतो तो ‘सी’ लोकेल. त्याला विचारलं की अक्षरसंच कुठला, तर उत्तर येतं अॅस्की. आणि मग फाइलींच्या नावांचं एन्कोडिंग अॅस्की ठरतं ते त्या प्रक्रियेचा अंत होईपर्यंत. मी बाहेरून ‘पायथन-यूटीएफ८’ हा चल १ करून पाहिला, काहीही फरक पडला नाही. पडणारच नव्हता, कारण एकांतातला पायथन बाहेरचे चल वाचतच नाही. म्हणजे कडी आतून, आणि आतून ती काढू शकणारे फक्त तुम्ही.

माझ्या फोल्डराचं नाव डिस्कवर शुद्ध होतं. अडचण होती ती मधल्या दुभाष्याची, आणि तो दुभाषी तुम्ही नेमलेला.

याहून वाईट म्हणजे हा बिघाड नेहमी कोसळत नाही. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं: ई०, ए४, एई. अॅस्कीच्या दुभाष्याला हे कळत नाहीत, पण पायथन त्यांना टाकून देत नाही. पेप ३८३ मध्ये, २००९ च्या पायथन ३.१ पासून, ‘सरोगेट-एस्केप’ नावाची सोय आहे. न समजलेला प्रत्येक बाइट एका राखीव, एरवी निरर्थक संकेतांकाच्या वेष्टणात गुंडाळून ठेवायचा आणि परत जाताना जसाच्या तसा सोडवायचा. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. बंद पाकीट न फोडता पुढे पोचवणाऱ्या पोस्टमनसारखी आहे. पण तिच्यामुळे होतं काय, की फोल्डरातली यादी मागितली तर मिळते, यादीतली फाइल उघडली तर उघडतेही. सगळं छान चाललंय असं वाटतं. मग स्क्रिप्टमधलं ‘कविता’ आणि यादीतलं ‘कविता’ यांची तुलना केली की उत्तर येतं: वेगळे. ते नाव एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये नोंदवायला गेलं की ‘सरोगेट चालत नाहीत’. चूक सकाळी दार उघडताना झालेली असते आणि बोंब संध्याकाळी तिजोरीपाशी उठते. शोधणारा तिजोरीच तपासत बसतो.

असाच मीही चार दिवस बसलो होतो. त्यात भलत्याच तीन किल्ल्या चालवून पाहिल्या, त्या इथे सांगून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कुणाचे चार दिवस वाचतील. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘कोडिंग यूटीएफ-८’ लिहिलं, पण ते फक्त स्क्रिप्टचा मजकूर कसा वाचायचा एवढंच सांगतं. ‘पायथन-आयओ-एन्कोडिंग’ हा चल लावून पाहिला. तो चालता तरी त्याचा संबंध फक्त पडद्यावर छापण्याशी आणि कळफलकाशी. आणि फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ कळवलं, तर ते फाइलीच्या आतल्या मजकुराला लागू, नावाला नाही. नावाचं कुलूप चौथं आणि वेगळं आहे. तुमच्यातलेही काही जण जुन्या ‘पाय-सेट-स्टँडर्ड-स्ट्रीम-एन्कोडिंग’वर विसंबून ‘आम्ही यूटीएफ-८ लावलंय’ असं म्हणतात. ते फंक्शनसुद्धा फक्त छापण्याचंच होतं, आणि ३.१३ मध्ये ते काढूनही टाकलंय.

मग करायचं काय? काम चार ओळींचं आहे. ‘पाय-प्रीकॉन्फिग’ भरा, साचा कुठलाही घ्या, त्यात ‘यूटीएफ८-मोड’ १ करा आणि ‘पाय-प्रीइनिशियलाइज’ला द्या. बाकी सगळं त्यानंतर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरने हेच केलंय. त्यांच्या आत सगळ्या स्ट्रिंगा यूटीएफ-८ मध्येच असतात, म्हणून ते पायथनलाही सुरुवातीलाच यूटीएफ-८ मोडमध्ये उभा करतात आणि लोकेलची भानगडच ठेवत नाहीत. एकांत हवा असेल तर खुशाल ठेवा. एकांत आणि मराठी यांचं काही वैर नाही.

क्रम मात्र सांभाळा. नावाचं एन्कोडिंग सुरुवातीला एकदाच ठरतं. पूर्वी ते मधेच बदलायचं एक फंक्शन होतं, ते ३.२ मध्ये काढलं, आणि बरंच केलं. तोवर मॉड्यूलांचे मार्ग एका रीतीने वाचून झालेले असतात. दुभाषी मधेच बदलला की अर्धी घरं जुन्या भाषेत आणि अर्धी नव्या. आणि ‘पाय-डीकोड-लोकेल’ ही पहिल्या पायरीआधी हाकायची गोष्ट नाही. इंटरप्रिटर अजून उठायचाय आणि तुम्ही मात्र त्याच्या लायब्ररीचा मार्ग डीकोड करून बसलात, तर तो त्या वेळच्या लोकेलने डीकोड होणार.

‘आम्ही सेटलोकेल मुद्दाम टाळतो’ असं तुमच्यातले काही म्हणतील. त्यांचं म्हणणं मला पटतं. जर्मन लोकेल लावला की दशांश टिंबाचा स्वल्पविराम होतो आणि आकडे वाचणारा कोड बिघडतो. पण सगळा लोकेल लावा असं कोण म्हणतंय? फक्त अक्षरांपुरता ‘एलसी-सीटाइप’ हा वर्ग लावता येतो, त्याचा आकड्यांशी संबंध नाही. आणि तुम्ही स्वतःच प्लगइन असाल, म्हणजे दुसऱ्याच्या प्रक्रियेत पाहुणे असाल, तर ‘सेटलोकेल’ला हातही लावू नका. तो अख्ख्या प्रक्रियेचा असतो आणि धाग्यांच्या गर्दीत सुरक्षितही नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरातलं देवघर हलवू नये. अशा वेळी तर यूटीएफ-८ मोडच बरा, कारण तो लोकेलला विचारतच नाही.

त्याची किंमतही सांगतो, लपवत नाही. यूटीएफ-८ मोडमुळे नावाबरोबर मजकुराचं मूळ एन्कोडिंगही बदलतं. तुमच्या ग्राहकांच्या जुन्या स्क्रिप्टा विंडोजवर एन्कोडिंग न सांगता फाइली उघडत असतील, तर त्यांना हा बदल जाणवेल. पण पेप ६८६ नुसार पायथन ३.१५ पासून हा मोड मुळातच चालू राहणार आहे, म्हणजे तो दिवस तसाही येतोच आहे. आणि ३.१५ आल्यावर आपोआप होईल म्हणून हे काम पुढेही ढकलू नका. तुम्ही सॉफ्टवेअरसोबत जो पायथन बांधून देता तो किती वर्षं जुना असतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता विंडोज. इथलं दुखणं निराळं आहे, आणि खास आमचं.

विंडोजवर नावं डिस्कवर युनिकोडमध्ये असतात, पण ती मागायच्या दोन वाटा आहेत. एक रुंद, सोळा बिटांची. दुसरी अरुंद, जिला ‘एएनएसआय’ म्हणतात, आणि जी संगणकाच्या त्या त्या कोडपेजमधून, म्हणजे ठराविक भाषांपुरत्या अक्षरतक्त्यातून, जाते. जपानी माणसाच्या अरुंद वाटेवर ९३२ क्रमांकाचं कोडपेज असतं, सोप्या लिपीतल्या चिनीसाठी ९३६, ग्रीकसाठी १२५३. तुम्ही आळस करून अरुंद वाट वापरलीत तरी टोकियोतल्या माणसाचं जपानी नाव बहुतेक वेळा चालून जातं. मराठीसाठी, हिंदीसाठी, एकूण देवनागरीसाठी असं कोडपेज विंडोजने कधी दिलंच नाही. आमची लिपी तिथे आली तीच मुळी युनिकोडमधून. त्यामुळे अरुंद वाटेवर आमचं नाव वेडंवाकडं होऊन का होईना पण पोचतं, असंही नाही. ते निघतानाच प्रश्नचिन्हांची माळ होतं. जिथे इतरांचं अर्धंमुर्धं भागतं तिथे आमचं शून्य. म्हणूनच तुमच्या चाचण्यांत ग्रीक आणि जपानी नावं उत्तीर्ण होतात आणि माझ्या टेबलावर येऊन सॉफ्टवेअर नापास होतं.

पायथनने ३.६ पासून, २०१६ अखेरीपासून, पेप ५२९ मुळे विंडोजवर नावांसाठी यूटीएफ-८ धरलंय आणि आत तो रुंद वाटच वापरतो. त्यामुळे तिथे पायथन सहसा दोषी नसतो, तुमचा ‘मेन’ (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) असतो. आज्ञेतून आलेलं फाइलीचं नाव तुम्ही अरुंद ‘मेन’मधून घेता, ते तिथेच मरतं, आणि मग पायथनच्या हाती प्रेत देऊन म्हणता उघड. ‘डब्ल्यूमेन’ घ्या. ‘पाय-कॉन्फिग’मध्ये मार्ग भरताना रुंद स्ट्रिंग घेणारं फंक्शन वापरा. आणि वापरणाऱ्याचं नावच देवनागरीत असू शकतं हे लक्षात ठेवा. विंडोजवर खातं उघडताना कुणी मराठीत नाव लिहिलं, की त्याचं घरचं फोल्डर मराठी, तात्पुरत्या फाइली मराठी मार्गावर, तुमचं प्लगइनांचं फोल्डरही त्याच्याच आत. अशा माणसाच्या संगणकावर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही, आणि त्याला वाटतं सीडी खराब आहे. (सीडी गेल्या म्हणा. डाउनलोड खराब आहे.)

लुआवाल्यांचं काम थोडं जास्त आहे. लुआची स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, आणि तिचं ‘आयओ-ओपन’ सरळ सी मधल्या ‘एफओपन’ला हाक मारतं. लिनक्सवर त्यामुळे सगळं बिनबोभाट चालतं, कारण मधे दुभाषीच नाही. विंडोजवर तेच ‘एफओपन’ अरुंद वाटेने जातं, आणि समोर दिसणाऱ्या फाइलीबद्दल ‘अशी फाइल नाही’ म्हणतं. इथे दोन उपाय आहेत. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) ‘अॅक्टिव्ह-कोडपेज’ यूटीएफ-८ असं लिहिता येतं. मग तुमच्यापुरती अरुंद वाटही यूटीएफ-८ होते. त्याहून जुन्या विंडोजवर चालायचं असेल, तर ‘आयओ-ओपन’, ‘लोडफाइल’, ‘डूफाइल’ यांच्या जागी आपली फंक्शनं बसवा, जी यूटीएफ-८ चं यूटीएफ-१६ करून ‘डब्ल्यूएफओपन’ हाकतील. ‘रिक्वायर’ विसरू नका. ती हमखास राहते.

जावा पोटात घेणाऱ्यांना एवढंच: जेडीके १८ मध्ये, म्हणजे जावाच्या अठराव्या आवृत्तीत, मूळ अक्षरसंच यूटीएफ-८ झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. फाइलींच्या नावांचा कारभार ‘सन-जेएनयू-एन्कोडिंग’कडे आहे, आणि ते अजूनही लोकेलकडेच बघतं.

तुमच्या सी कोडमधून आतल्या पायथनला नाव देताना आणि घेतानाही एक गल्लत होते. नाव हे मजकूर समजून देऊ नका. ‘पाय-युनिकोड-फ्रॉम-स्ट्रिंग’ कडक यूटीएफ-८ मागतं. नावासाठी ‘पाय-युनिकोड-डीकोड-एफएस-डिफॉल्ट’ आहे, आणि परत घेताना ‘एफएस-कन्व्हर्टर’. आणि मार्गासाठी २५६ बाइटांचा ठराविक डबा ठेवून त्यात कोंबून कापत असाल, तर आमची नावं त्याला फार लवकर भिडतात हे ध्यानात घ्या. देवनागरीचा एकेक संकेतांक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातो. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलं की तीस बाइट गेले. लिनक्सवर एका नावाला मिळतात २५५, म्हणजे जेमतेम ८५ संकेतांक, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त असं सगळं धरलेलं. कापायचंच असेल तर निदान अक्षराच्या मधोमध कापू नका.

शेवटी माझ्या आवडीचा विषय, तुमच्या चाचण्यांसाठी. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला तो झोपलेला र, जो मराठीत जागोजागी लागतो, युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ या एकसंध संकेतांकाने, ‘र’ आणि नुक्ता असा सुटा करून, किंवा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक लावून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस-प्लस ही रचना नाव साठवताना पहिल्याचं दुसरं करून टाकायची, त्यामुळे तिथून आलेल्या झिपमधलं ‘दुसऱ्या’ आणि मी टाइप केलेलं ‘दुसऱ्या’ लिनक्सवर एकाच फोल्डरात शेजारी शेजारी नांदतात. पहिल्या दोघांना युनिकोडचं सामान्यीकरण (समान मानलेल्या लिखाणांना एकच रूप देणं) एक करतं, तिसऱ्याला करत नाही. तेव्हा कृपा करून नावं आपणहून ‘सुधारून’ डिस्ककडे पाठवू नका. जे बाइट मिळाले तेच परत करा. शोधताना आणि तुलना करताना हवं तेवढं सामान्यीकरण करा.

आणि एक चाचणी लिहून ठेवा: वातावरणातला लोकेल ‘सी’ करून सॉफ्टवेअर सुरू करायचं, ‘दुसऱ्या कविता’ नावाच्या फोल्डरातली स्क्रिप्ट आतून चालवायची, तिने त्याच फोल्डरातली यादी घ्यायची आणि यादीतलं नाव स्क्रिप्टमधल्या नावाशी जुळतंय का ते बघायचं. मग हेच विंडोजवर, देवनागरी नावाच्या खात्यातून. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मदतकक्षाकडे माझी तक्रार अजून उघडीच आहे, त्यांना हे पत्रही जोडून पाठवतोय. जोडलेल्या फाइलीचं नाव ‘खुलं-पत्र’ असं मराठीतच ठेवलंय. त्यांच्याकडे ते उघडलं नाही तर तेवढं कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दिवाळी अंकांची पानं साफ करणारा एक स्क्रिप्टवाला
पुणे